प्रतिमा-मालिकेतील कालनोंदींचे संकलन : स्वरूप, पद्धती व पडताळणी

प्रस्तावना

वनस्पतिशास्त्र, भूगोल, भौतिकशास्त्र अशा अनेक विषयांत ठराविक अंतराने घेतलेली छायाचित्रे हे निरीक्षणाचे महत्त्वाचे साधन ठरले आहे. बीजांकुरणाचे दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घेतल्यास दिवसाला १४४ आणि आठवड्याला १००८ संचिका जमा होतात. छायाचित्रावरून अंकुराची लांबी मोजता येते. परंतु वाढीचा वेग काढावयाचा तर प्रत्येक छायाचित्राची वेळ हवी. इतक्या नोंदी हाताने उतरविताना चुका संभवतात. म्हणून हे काम स्क्रिप्टकडे, म्हणजेच छोट्या आज्ञावलीकडे, सोपविले जाते. तिने नेमकी कोणती वेळ वाचावी, यावर निष्कर्षांची विश्वसनीयता अवलंबून असते.

कालनोंदींचे प्रकार

पहिली नोंद संगणकाची संचिका-व्यवस्था ठेवते. संचिका कशी हाताळली गेली यानुसार ती बदलते. विंडोजमध्ये प्रत केल्यास बदलाची वेळ सामान्यतः जुनीच राहते, पण निर्मितीची वेळ प्रत केल्याच्या क्षणाची होते. लिनक्समधील प्रत करण्याची साधी आज्ञा बदलाची वेळही नवी करते.

दुसरी नोंद कॅमेरा संचिकेच्या आत लिहितो. जपानमध्ये १९९५ साली तयार झालेल्या एक्झिफ मानकात छायाचित्र घेतल्याच्या मूळ वेळेसाठी स्वतंत्र स्थान आहे. प्रत केल्याने ही नोंद बदलत नाही. संपादन किंवा आकार लहान करणाऱ्या काही प्रणाली मात्र ती पुसून टाकतात. म्हणून मूळ संचिका जपून ठेवणे आवश्यक आहे.

दोहोंतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अनेक मेमरी कार्डांवरील फॅट३२ व्यवस्थेत बदलाची वेळ दोन सेकंदांच्या पटीतच नोंदली जाते. दर पाच सेकंदांनी घेतलेल्या छायाचित्रांच्या ०, ५, १०, १५ या वेळा तेथे ०, ४, १०, १४ अशा दिसू शकतात. अंतरे ४, ६, ४ सेकंद अशी येतात आणि एकसमान गती कमीजास्त होत असल्याचा आभास निर्माण होतो.

आज्ञावलीची रचना

पायथनमधील आज्ञावली किंवा फिल हार्वे यांचे एक्झिफटूल हे साधन यासाठी उपयुक्त आहे. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा :

१) संचयिकेतील सर्व प्रतिमांची यादी करणे.
२) प्रत्येकीतील मूळ वेळ व उपलब्ध असल्यास सेकंदाचा अंश वाचणे.
३) नोंद न सापडल्यास रकाना रिकामा ठेवणे, तेथे संचिका-व्यवस्थेची वेळ न भरणे.
४) वेळेनुसार क्रम लावून लगतच्या दोन वेळांतील अंतर काढणे.
५) नाव, वेळ व अंतर यांचा तक्ता स्वतंत्र संचिकेत साठविणे.

नावानुसार क्रम लावणे धोक्याचे असते. अक्षरक्रमात १० हा अंक २ च्या आधी येतो, तर अनेक कॅमेऱ्यांचा अनुक्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतो.

पडताळणी

अंतर अपेक्षेच्या दुप्पट आल्यास एक छायाचित्र निसटले असण्याची शक्यता असते. कॅमेऱ्याचे घड्याळच चुकीचे असेल तर आज्ञावलीला ते कळत नाही. म्हणून मालिकेच्या आरंभी व अखेरीस अचूक घड्याळाचे छायाचित्र घ्यावे व दिसलेला फरक मधल्या नोंदींत प्रमाणशीर वाटावा. जागतिक वेळेपासूनचा फरक नोंदविण्याची सोय एक्झिफमध्ये २०१६ साली आली. जुन्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत तो प्रयोगवहीत लिहावा. भारतीय प्रमाणवेळेचा साडेपाच तासांचा फरक दुर्लक्षिल्यास पहाटेचे छायाचित्र आदल्या दिवशीचे ठरते.

ऋतुमानानुसार वनस्पतींत होणारे बदल टिपणाऱ्या अमेरिकेतील फेनोकॅम प्रकल्पात दिनांक व वेळ संचिकेच्या नावातच लिहिली जाते आणि कॅमेरे वर्षभर स्थानिक प्रमाणवेळेवर ठेवले जातात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेलाही हा संकेत सहज स्वीकारता येईल.

समारोप

वेग, कालावधी किंवा वारंवारिता सांगणारा कोणताही निष्कर्ष कालनोंदींवर उभा असतो. म्हणून शोधनिबंधात कॅमेऱ्याच्या तपशिलाबरोबरच वेळ कोठून घेतली व घड्याळ कसे तपासले, याचाही उल्लेख व्हावा. आज्ञावली आणि तिने दिलेला तक्ता मूळ प्रतिमांसोबत जतन केल्यास अन्य अभ्यासकाला तीच गणना पुन्हा करून पाहता येईल.