आम्ही जुनी मोटार घेतो

गिरगावातल्या माणसाने मोटार घ्यावी हे मुळातच थोडे विपरीत आहे. चाळीच्या तोंडाशी बेस्टची बस, चालत दहा मिनिटांवर चर्नी रोड स्टेशन, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तर पायांखालून आरे ते कफ परेड अशी भुयारी मेट्रो धावू लागली आहे. गिरगावला जमिनीत शिरावे आणि दादरला वर यावे. मध्ये ना खड्डा, ना सिग्नल. तेव्हा केवळ कचेरीला जाण्यासाठी म्हणून कोणी मोटार घेऊ पाहात असेल, तर त्याने हा लेख इथेच मिटून पुढची कथा वाचावी, आणि वाचलेल्या पैशांत जन्मभराचे पास काढावेत.

परंतु घरात मोटारीची गोष्ट कचेरीवरून निघतच नाही. ती निघते वडीलधाऱ्या माणसांवरून. आमच्याकडे ती आईवरून निघाली. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि महिन्यातून चारदा परळच्या रुग्णालयात व्यायामासाठी जाणे ठरलेले. आमची सौ. विमा कचेरीत नोकरी करते. तिने एका रविवारी वही उघडली व हिशोब मांडला. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये झाले आहे. गिरगाव ते परळ जाऊन-येऊन तीनशे-साडेतीनशे, म्हणजे महिन्याला फार तर चौदाशे. उलट छोट्या मोटारीचा वर्षाचा विमा नऊ हजार, देखभाल आठ हजार, उभी करण्याच्या जागेचे भाडे दरमहा तीन हजारांप्रमाणे छत्तीस हजार, आणि पेट्रोल दरमहा चार हजार धरले तर अठ्ठेचाळीस. बेरीज एक लाख एक हजार! महिन्याला आठ हजार चारशेच्या वर. वहीत टॅक्सी जिंकली, आणि तीही मैलभराच्या अंतराने.

मात्र वहीत न मावणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे मीटर. टॅक्सीत बसले की आईची नजर रस्त्यावर नसते, त्या तांबड्या आकड्यांवर असते. भायखळ्याला गाडी तुंबली की ती हळूच म्हणणार, "अरे, इथंच उतरू या का?" रुग्णालयात डॉक्टरांनी बोलावले आहे म्हणून तिचा नाइलाज. पण लालबागला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी ती दीड वर्ष गेली नव्हती. "रोज फोनवर बोलतेच की मी तिच्याशी. त्यासाठी तीनशे रुपये कशाला जाळायचे?" हौसेसाठी मीटर पडू द्यायचा नाही, असा तिचा नियमच होऊन बसला होता. लालबाग गिरगावपासून किती लांब आहे ते मुंबईकराला सांगावयास नको. आईच्या हिशोबी ते काशीइतके लांब झाले होते.

म्हणून वहीचा निकाल बाजूला ठेवून आम्ही मोटार घ्यावयाचे ठरवले. पैसे होते चार लाख, आणि त्यात विमा, नावावर करण्याचा खर्च, पहिली डागडुजी सगळे बसावयास हवे होते. ही रक्कम धाकट्या मुलीच्या शेवटच्या दोन वर्षांच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पुंजीला अगदी खेटून होती. ती बुडाली असती तर पुन्हा उभी राहण्याजोगी आमची नोकरीची वर्षे उरलेली नाहीत.

मुंबईचा मध्यमवर्ग आणि जुनी मोटार यांचे नाते काही आजचे नव्हे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. परवान्यांच्या त्या राज्यात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. त्यामुळे वापरलेली फियाट कधी कधी नवीपेक्षाही महाग विकली जाई! पुढे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तो जुलूम हळूहळू सरला. फियाटची पद्मिनी झाली, ती टॅक्सीच्या काळ्या-पिवळ्या रंगात टिकून राहिली. ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आईच्या मते तिच्याइतकी बसावयास सोपी गाडी पुन्हा झाली नाही. हे केवळ जुन्याचे प्रेम म्हणून मी सोडून दिले नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मोटारीत 'उतरावे' लागता कामा नये. खुर्चीवर बसावे तसे सरळ बसता आले पाहिजे. पण आजकालच्या बहुतेक देखण्या गाड्यांत माणूस विहिरीत उतरल्यासारखा शिरतो.

तेव्हा मी पहिली खरेदी केली ती मोजपट्टीची. आई ज्या खुर्चीवरून कोणाचा हात न धरता उठते तिची उंची मोजली, आणि जी जी गाडी पाहिली तिच्या मागच्या बैठकीची जमिनीपासूनची उंची मोजत सुटलो. विकणारे लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहात. इंजिन किती सी. सी.चे, मायलेज किती, हे विचारणारी गिऱ्हाइके त्यांना रोज भेटतात. बैठक मोजणारा विरळा. पण याच मोजपट्टीने निम्म्याहून अधिक गाड्या पहिल्या आठवड्यातच बाद केल्या. उंच छपराच्या वॅगन आर, सँट्रो अशा जातीच्या गाड्या तेवढ्या उरल्या. सी. एन. जी.वर चालणाऱ्या आम्ही वगळल्या. इंधन स्वस्त पडते हे खरे, परंतु जुन्या गाड्यांत त्याची टाकी डिकीत बसते, आणि आमच्या डिकीत आईचा चार पायांचा वॉकर बसावयाचा होता.

वयाची मर्यादाही सौ.नेच घातली: जुलै २०१९ नंतरचीच गाडी. त्या महिन्यापासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकापुढची हवेची पिशवी आणि मागे घेताना वाजणारी घंटी सक्तीची झाली; ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी ए. बी. एस. यंत्रणा त्याच वर्षी एप्रिलपासून आली होती. मोठी पण जुनी गाडी घेण्यापेक्षा लहान पण अलीकडची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून या फेरनोंदणीचे शुल्क सहाशेवरून एकदम पाच हजारांवर गेले. बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्तात मिळते ती उगीच नव्हे.

आता पाण्याविषयी. मुंबईत जुनी मोटार पाहताना ही गोष्ट सर्वांत मोठी मानली पाहिजे, आणि नेमकी तीच डोळ्यांना दिसत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस सर्वांच्या लक्षात आहे. परंतु मोटार बुडण्यास एवढा प्रलय लागत नाही. हिंदमाताचे तळे आमच्या दादर-परळच्या मंडळींना ठाऊकच आहे. तिथले पाणी साठवण्यासाठी महापालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली मोठाल्या टाक्या बांधल्या, तेव्हा कुठे थोडा उतार पडला. पण टाक्या होण्यापूर्वी ज्या गाड्या बुडाल्या त्या गेल्या कुठे? धुऊन, पुसून, अत्तर मारून त्या बाजारात आल्या.

अशीच एक आम्हांलाही भेटली. उपनगरातल्या एका विक्रेत्याकडे पांढरी शुभ्र उभी होती. बैठकीची उंची पसंत, भाव आमच्या अंदाजापेक्षा चाळीस हजारांनी कमी. सोबत लालबागचे आमचे मिस्त्री होते. तीस वर्षे ज्यांचे हात ग्रीसमध्ये आहेत अशा माणसाला पाचशे-हजार रुपये देऊन बरोबर न्यावे. यासारखा स्वस्त विमा दुसरा नाही. मिस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही. ते मागच्या सीटवर जाऊन बसले आणि पट्टा ओढू लागले. हातभर आला, दोन हात आला, ते ओढतच राहिले. शेवटच्या वितीवर पट्टा गेरूसारख्या रंगाने माखलेला होता. त्यांनी नखाने खरवडून मला दाखवले.

"साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "ही गाडी पोहून आलेली आहे."

मग त्यांनी पायाखालचा गालिचा उचकटला, सीटच्या रुळांवरचा गंज दाखवला, आणि दिव्याच्या काचेआड साठलेले बाष्प दाखवले. विक्रेत्याने, "पावसाळ्यात सगळ्याच गाड्या ओल्या होतात," असा खुलासा केला. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. पाण्यात बुडालेल्या मोटारीचे इंजिन दुरुस्त होते. तारा होत नाहीत. त्या आतून कुजत राहतात, आणि गाडी बंद पडते ती नेमकी रात्री दोन वाजता.

मिस्त्रींच्या बाकीच्या युक्त्या साध्या आहेत. गाडी सकाळी पाहावी, आणि आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर विकणाऱ्याने आपल्या येण्यापूर्वीच गाडी चालू करून ठेवली आहे असे समजावे. थंड इंजिनच आपले खरे दुखणे सांगते. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. तेलाच्या झाकणाखाली साय आल्यासारखे पांढरे दिसले तर आत पाणी जात असल्याचा संशय घ्यावा. सगळ्या काचांवर सालाच्या खुणा असतात. एकच वेगळी निघाली तर तिथे काय आदळले ते विचारावे. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. चौपाटीकडून वाळकेश्वरच्या चढाने तीन बत्तीपर्यंत गाडी नेली की क्लचचे खरे रूप कळते. आणखी एक: एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या, त्यांच्या रबरी नळ्या नीट पाहून घ्याव्यात.

अखेर मुलुंडच्या एका निवृत्त शिक्षकांकडे गाडी ठरली. नोव्हेंबर २०१९ ची वॅगन आर, एकच मालक, एकेचाळीस हजार किलोमीटर, आणि प्रत्येक सर्व्हिसचे बिल तारखेवार फाइलला लावलेले. अशी फाइल पाहिली की किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास बसतो. गुरुजींनी सव्वाचार लाख सांगितले. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या मोटारींवरचा जी. एस. टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवीच स्वस्त झाली असताना जुनीने उतरावयास नको काय, असा मुद्दा सौ.ने विनयाने मांडला. गुरुजी हसले. चहा झाला, दुसरा चहा झाला, आणि सौदा तीन लाख सत्तर हजारांवर मिटला.

कागद सौ.ने वाचले. आर. सी.वर बँकेच्या कर्जाची नोंद होती. कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटले होते. नोंद काढावयाची राहिली होती. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन ती निघेपर्यंत आम्ही विसारापलीकडे एक पैसा दिला नाही. चासिसचा नंबर पेन्सिलीने कागदावर उमटवून ताडून पाहिला. गाडीच्या नंबरावरचे वाहतूक पोलिसांचे ई-चलन तपासले, तेव्हा दोन निघाली. ती गुरुजींनी ओशाळून तिथल्या तिथे भरली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. गाडी नावावर होण्याची घाई आमच्यापेक्षा त्यांनाच अधिक, आणि ते बरोबरच होते: विकलेली गाडी कागदोपत्री जुन्याच मालकाच्या नावावर असेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, आणि दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट गाडीबरोबर येत नाही, ती जुन्या मालकाकडेच राहते. भाव ठरवताना हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

जागेचा प्रश्न आम्ही गाडीच्या आधी सोडवला होता. चाळीच्या अंगणात मोटार उभी करण्यास मीच कबूल नव्हतो. ते अंगण मुलांच्या क्रिकेटचे आणि भाद्रपदातल्या मंडपाचे आहे. पलीकडच्या गल्लीतल्या नव्या इमारतीत भाड्याने जागा मिळाली. विसर्जनाच्या दिवशी चौपाटीकडचे रस्ते बंद, त्या दिवशी गाडी जागची हलत नाही. लालबागला तर गणपतीचे दहाही दिवस मोटारीचे नाव काढू नये.

गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी आईला बहिणीकडे नेले. दार उघडून ती सरळ बसली, हात धरावा लागला नाही. भायखळ्याला नेहमीप्रमाणे गाडी तुंबली. तिने सवयीने पुढे वाकून पाहिले, तिथे घड्याळाखेरीज आकडे नव्हते. मग ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि राणीच्या बागेजवळ, "इथं तुला माकडं दाखवायला आणत असू," असे म्हणाली. बहिणीकडे ती रात्री जेवूनच निघाली.

विमा आणि नावावर करणे यांत बारा हजार गेले. टायरवर ३६१९ असे आकडे आहेत, म्हणजे ते सप्टेंबर २०१९ चे. चारही बदलावेत असे मिस्त्री म्हणतात. त्याचे सोळा हजार धरले तर चार लाखांतले दोन हजार शिल्लक राहतात. ते आईने मागून घेतले आहेत. तिला मे महिन्यात राजापूरला जावयाचे आहे.