सायकल आपली, निगाही आपलीच

“बाई, तुमची सायकल ओरडते!”

शाळेच्या फाटकाशी सातवीतल्या एका मुलीनं मला सांगितलं. मी ब्रेक दाबला की मागच्या चाकातून ‘खर्र’ असा आवाज यायचा. मी हसून म्हटलं, “अगं, तीही कंटाळली असेल माझ्यासारखी!” मुली हसल्या, मीही हसले आणि विषय तिथेच राहिला. त्या हसण्याची किंमत आठवड्याभरातच मोजावी लागली. ती हकिकत पुढे सांगतेच. आधी ही सायकल घरात आली कशी, ते सांगते.

मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. घर कोथरूडला, शाळा नव्या पेठेत. अंतर जेमतेम पाच किलोमीटर, पण माझे तास दुपारचे. स्वयंपाक, मुलीचा डबा, सासूबाईंचं पथ्याचं जेवण आटोपून निघेपर्यंत साडेअकरा वाजायचे. बसनं जायचं तर दोनदा बदलायची. स्कूटर ह्यांच्याबरोबर ऑफिसला गेलेली. रोज रिक्षा करावी, तर तासिकेचे निम्मे पैसे रिक्षावाल्याच्याच हातात! म्हणून सायकल.

माझी आई १९८०च्या सुमारास सायकलनंच कचेरीत जायची. तेव्हा पुणं सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जायचं. तिची काळी लेडीज सायकल वीस किलोच्या आसपास वजनाची, पण भारी सोशिक! चेन पूर्ण झाकलेली, ब्रेक लोखंडी दांड्यांचे. सहा महिन्यांतून एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात ‘ओव्हरऑइलिंग’ला टाकली की झालं. सायकलकडे बघावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं ते त्यामुळेच.

हायब्रिड म्हणजे काय?

आधी मी भाच्याची डोंगरी सायकल महिनाभर वापरून पाहिली. जाड गोट्यांचे टायर, पुढे स्प्रिंगचा दट्ट्या. दिसायला दिमाखदार, पण डांबरी रस्त्यावर ती ओढताना माझा जीव अर्धा व्हायचा. शाळेत पोचेपर्यंत घामानं ओलीचिंब. उलट, शर्यतीची सायकल म्हणजे करंगळीएवढे टायर आणि खाली वाकलेलं हँडल. आपले खड्डे आणि गतिरोधक तिला मानवायचे नाहीत.

या दोघींच्या मधली ती हायब्रिड. डोंगरी सायकली १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅलिफोर्नियात तयार झाल्या आणि पुढच्या दशकात त्यांच्यापासूनच शहरी वापरासाठी ही मधली जात निघाली. चाकं शर्यतीच्या सायकलीसारखी मोठी आणि हलकी, टायर मध्यम जाडीचे, हँडल सरळ, बसणं ताठ. पाठीला ताण नाही आणि रहदारीत मान वर ठेवून चालवता येते. वजन साधारण १२ ते १५ किलो, म्हणजे जिन्याच्या चार पायऱ्या आपली आपण चढवू शकतो.

घेताना काय पाहावं?

सगळ्यात आधी माप. आपण ब्लाउज मापाचा शिवून घेतो आणि सायकल मात्र रंग बघून घेतो! फ्रेम दोन पायांत घेऊन सपाट जमिनीवर उभं राहावं. आडव्या नळीच्या वर इंच-दोन इंच मोकळं राहायला हवं. खाली झुकलेल्या नळीची फ्रेम मिळाली तर उत्तमच, पंजाबी ड्रेसवर चढणं-उतरणं सोपं जातं. हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं असावं. हात ताणले जात असतील तर ती फ्रेम आपल्यासाठी मोठी आहे. दुकानदार म्हणतो, “सीट खाली करून देतो ना!” पण सीट खाली केल्यानं फ्रेमची लांबी कमी होत नाही.

सीटची उंची अशी ठरवायची : पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप राहतो. आपण बायका भीतीपोटी सीट खूप खाली ठेवतो आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकललाच दोष देतो.

टायरवर ‘७०० × ३५’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा जाडीचा, मिलिमीटरमध्ये. आपल्या रस्त्यांना ३५ ते ४० चांगले. पुढच्या चाकाला स्प्रिंग हवीच असं नाही. स्वस्त सायकलींमधल्या स्प्रिंगनं वजन वाढतं आणि पायडल मारताना थोडी शक्तीही वाया जाते. गिअर मागे सात-आठ असले आणि त्यातला एखादा खूप हलका असला की पुरे. मला शाळेत जाताना नदीच्या बाजूला उतार आणि येताना चढ. तो चढ हलक्या गिअरमध्ये बसूनच चढता येतो. गिअर मात्र चढ सुरू होण्याआधी बदलावा. पाय जोरात दाबलेला असताना बदलला की चेन कडाडते.

आणखी एक सांगते, कारण मी इथे फसले. हायब्रिड सायकल बहुधा उघडीवाघडीच विकतात. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, दिवे, कुलूप हे सगळं वेगळं घ्यावं लागतं. मी २०२२च्या दिवाळीत साडेसतरा हजारांची सायकल घेतली आणि वरचा तीन हजारांचा खर्च हिशेबात धरलाच नव्हता. हेल्मेट त्याहून निराळं. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला फ्रेमवर आट्यांची भोकं आहेत का, हे आधीच पाहून घ्या. ओढणी घेत असाल तर मागच्या चाकाला जाळी बसवा आणि निघताना ओढणीला गाठ मारून ती दप्तरात टाका. चाकात अडकलेली ओढणी गळ्याशी येते, हा विषय हसण्यावारी नेऊ नये.

आणि चालवून पाहिल्याशिवाय सायकल घेऊ नका. दुकानदाराला ओशाळू नका, पैसे आपण देतो आहोत. नव्या सायकलच्या तारा पहिल्या महिन्यात थोड्या सैलावतात, म्हणून पहिली तपासणीही चुकवू नका.

आणि मी पडले

आता ती हकिकत. २०२३चा जुलै. आठ महिने सायकल वापरली होती, रोज दहा किलोमीटर. हवा भरण्यापलीकडे तिला मी कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. म्हात्रे पुलाकडे जाणाऱ्या उतारावर पुढची रिक्षा अचानक थांबली. मी दोन्ही ब्रेक दाबले, ‘खर्र’ आवाज झाला आणि सायकल तशीच पुढे! रिक्षा चुकवायला हँडल वळवलं ते पांढऱ्या पट्ट्यावर. ओला रंग म्हणजे साबणच. डाव्या हातावर आपटले. मागे गाडी नव्हती, हे माझं नशीब.

मनगटाला बारीक चीर होती. चार आठवडे प्लास्टर. तासिका तत्त्वावर असल्यावर तास नाहीत तर पैसेही नाहीत, आणि माझे तास दुसऱ्या बाईंना दिले गेले. सासूबाई म्हणाल्या, “आधी विकून टाका ती.” हे काही बोलले नाहीत, पण रिक्षाचा महिन्याचा हिशेब त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मांडलेला मी पाहिला. त्या हिशेबात माझ्या पगारातले जे उरत होते, त्यासाठी नोकरी करावी का, असा प्रश्न कुणालाही पडला असता. मलाही पडला.

सायकल दुरुस्तीला नेली, तेव्हा दुकानातल्या काकांनी ब्रेकची रबरं काढून माझ्यासमोर ठेवली. रबर उरलंच नव्हतं, आतला पत्रा रिमवर घासत होता. काका म्हणाले, “ताई, ही गाडी तुम्हाला महिनाभर सांगत होती.” सातवीतली मुलगीही तेच सांगत होती! आईच्या सायकलसारखी ही सोशिक नाही. हलकी आहे, वेगवान आहे, पण तिचं सगळं उघड्यावर असतं. धूळ, पाणी, चिखल थेट चेनला आणि ब्रेकला लागतो. तिच्याकडे मालकिणीनंच बघायला हवं.

मी काकांना म्हटलं, “दुरुस्त करून देऊ नका, मला शिकवा.” प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून मी तीन शनिवार त्यांच्या दुकानात स्टुलावर बसले. त्या शिकवणीचं सार पुढे देते.

दर रविवारी दहा मिनिटं

हवा : अंगठ्यानं दाबून अंदाज घेऊ नका. दाब दाखवणारा पंप घरी ठेवा. टायरच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, त्या दोहोंच्या मध्ये राहा. हवा कमी असली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरमध्ये काटा सापडला नाही, पण अशी दोन भोकं दिसली, तर दोष हवेचा समजा. घेतानाच व्हॉल्वही पाहून ठेवा. स्कूटरसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक, वर स्क्रू असलेला असेल तर त्यासाठी पितळेची छोटी टोपी मिळते, ती पर्समध्ये असू द्या.

ब्रेक : रबरांवर आडव्या खाचा असतात. खाचा दिसेनाशा झाल्या की रबरं बदला, आवाजाची वाट पाहू नका. रबर रिमवरच टेकायला हवं, टायरवर नाही. मूठ पूर्ण दाबली तरी ती हँडलला चिकटता कामा नये. ओल्या फडक्यानं रिम पुसून घ्या. पावसात भिजलेल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, म्हणून आधीपासूनच हलका दाबत राहावं. डिस्कचे ब्रेक असतील तर त्या चकतीला तेलाचा हात लागू देऊ नका.

चेन : आधी जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसा. मग पायडल उलटं फिरवत प्रत्येक कडीवर सायकलच्या वंगणाचा एकेक थेंब सोडा. पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. तेल कडीच्या आत हवं, बाहेर राहिलं तर धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, पहिल्याच पावसात निघून जातं. खोबरेल तर नकोच.

धुताना बादली, फडकं आणि थोडा भांड्यांचा साबण पुरतो. गाड्या धुण्याच्या केंद्रावरचा जोराचा फवारा चाकाच्या मध्यावर मारला तर आतलं ग्रीस निघून जातं. पावसातून आल्यावर सायकल तशीच जिन्याखाली ढकलू नका. चेन पुसायला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ चहाला आधण येईपर्यंत असतोच.

फूटपट्टीची युक्ती

चेन हळूहळू झिजते आणि लांबते, डोळ्यांना ते कळत नाही. त्यासाठी आपली शाळेची बारा इंची फूटपट्टी घ्यावी. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य धरावं. नव्या चेनची पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाचा सोळावा भाग पुढे गेली की चेन बदलावी. आठवा भाग गेली, तर तोवर तिनं मागची दातेरी चाकंही खाल्लेली असतात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. दर दोन महिन्यांनी एकदा मोजलं की पुरे.

पंक्चरही मी आता घरी काढते. ट्यूब बादलीत बुडवायची, बुडबुडे दिसले तिथे खूण करायची, पॉलिश कागदानं घासायचं, सोल्युशन लावून ते सुकू द्यायचं आणि मग ठिगळ दाबायचं. सोल्युशन ओलं असतानाच ठिगळ लावायची घाई नको. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, नाहीतर बाभळीचा तोच काटा दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटतो! गिअरची तार बसवणं, चाकाचा बाक काढणं ही कामं मात्र मी अजून काकांकडेच देते. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, पूर्ण सायकल त्यांच्याकडे जाते.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दिवशी सायकलला टांग मारताना पाय लटपटत होते, खोटं कशाला सांगू? पुलाच्या उतारावर मी उतरले आणि सायकल हातानं ढकलत नेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ब्रेक हलकेच दाबून पाहिले, ते चटकन धरले आणि मी बसूनच खाली गेले. दुसऱ्या बाईंना दिलेले तास दिवाळीनंतर मला परत मिळाले.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे सायकल असेल, कुठल्याही जातीची, तर हा अंक मिटल्यावर खाली जाऊन एकदा ब्रेकच्या रबरांच्या खाचा बघून या. आणि ती ओरडत असेल, तर माझ्यासारख्या हसू नका.