आयुर्विम्याची जाहिरात आणि ग्राहकाचा कायदा

आयुर्विमा हा परस्परांवरील पूर्ण विश्वासाचा करार मानला जातो. विमेदाराने आपले वय, आजार आणि व्यवसाय यांविषयी काहीही दडवून ठेवू नये, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. दडविल्यास वारसांचा दावा नाकारला जाण्याचा संभव असतो. विमा प्रतिनिधी हा नियम आवर्जून सांगतात. माहिती न दडविण्याचे बंधन विमा विकणाऱ्यावरही आहे, ही त्याची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते.

विम्याचा समावेश 'सेवा' या संज्ञेत १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानेच केला होता. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या करताना त्यात खोटे वर्णन आणि खोटी हमी यांच्या जोडीला महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणे हाही प्रकार घातलेला आहे. आयुर्विम्याच्या बाबतीत खरे महत्त्व याच भागाला आहे. कारण तेथील जाहिरातीचे वाक्य बहुधा खोटे नसते, अपुरे असते.

'हमीसह रक्कम दुप्पट' हेच वाक्य पाहावे. एखाद्या शेतकऱ्याने दरसाल ५० हजार रुपयांप्रमाणे १२ वर्षे हप्ते भरले, म्हणजे ६ लाख रुपये दिले, आणि विसाव्या वर्षाच्या अखेरीस त्याला १२ लाख रुपये मिळाले. रक्कम दुप्पट झाली, यात शंका नाही. परंतु पहिला हप्ता २० वर्षे आणि शेवटचा ९ वर्षे अडकून पडला होता. हे ध्यानात घेऊन हिशोब केल्यास परतावा दरसाल शेकडा सुमारे ४.८ इतकाच पडतो. मधल्या काळात मृत्यूच्या जोखमीपासून संरक्षण मिळाले, हे खरे. तरीही मुलीच्या शिक्षणासाठी पैसा बाजूला टाकणाऱ्यास हा आकडा सही करण्यापूर्वी कळावयास हवा. 'दहा टक्के हमी' या शब्दांचेही तेच. हे दहा टक्के विमा रकमेचे की भरलेल्या हप्त्यांचे, यावर सारे अवलंबून असते.

याहून दुःखद प्रकार सेवानिवृत्तांच्या बाबतीत घडतो. मुदत ठेवीचे नूतनीकरण करावयास गेलेल्या वृद्धाच्या हाती दरसाल हप्ता मागणारे विमापत्र पडते. दुसऱ्या वर्षीचा हप्ता निवृत्तिवेतनातून भरणे शक्य नसते, आणि भरला नाही तर मूळ रकमेलाच कात्री लागते.

बोनस किंवा बाजारावर अवलंबून असलेल्या योजनांत संभाव्य लाभाचे पत्रक ग्राहकास दाखवून त्यावर त्याची सही घेतली जाते. त्यात ४ आणि ८ टक्के असे दोन गृहीत दर असतात. हे दर हमीचे नव्हेत. पत्रक न वाचताच सही करण्याची आपल्याकडील सवय विक्रेत्याच्या पथ्यावर पडते.

विमापत्र हाती आल्यापासून ३० दिवसांत ते परत करता येते. जोखमीचा त्या काळापुरता खर्च, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून उरलेली रक्कम परत मिळते. ही मुदत टळल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिने तक्रार फेटाळल्यास किंवा महिनाभरात उत्तर न दिल्यास विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालाची कार्यालये आहेत. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्गही खुला आहे. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत पाळावी लागते.

स्वतः फसलेला नसतानाही एखाद्यास जाहिरातीविरुद्ध दाद मागावीशी वाटेल. त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० मध्ये स्थापन झाले आहे. जाहिरात मागे घेण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा आदेश ते देऊ शकते. जाहिरातीत पुढे येणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीसही दंडाची तरतूद आहे. विशेष म्हणजे ही तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी देता येते. तिच्यासोबत छापील पत्रक, भ्रमणध्वनीवरील संदेश, किंबहुना प्रतिनिधीने कागदाच्या कपट्यावर मांडून दाखविलेला हिशोबही जोडावा. हा कपटा सहसा त्याच दिवशी फेकून दिला जातो.