पुणे ते नागपूर : संसार हलवायचा कसा?

पुण्याहून नागपूर ७०० किलोमीटरच्या वर. दोन खोल्यांचा संसार न्यायचा तर बहुतेकदा सर्वांत स्वस्त पडते ती रिटर्न गाडी, म्हणजे माल उतरवून रिकामा परतणारा ट्रक. तारीख मात्र गाडीच्या सोयीची. बांधाबांध आणि हमाली आपली.

सामान थोडे असेल तर एकाच ट्रकात तीन-चार घरांचे सामान भरणारी शेअरिंगची सोय परवडते. पोहोचायला काही दिवस जास्त लागतात.

रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो, एसी टू-टियरच्या तिकिटावर ५० किलो सामान मोफत नेता येते. जादा सामान लगेज म्हणून बुक करायचे. सोबत प्रवास नसेल तर पार्सल. दुचाकीसाठी हा उत्तम मार्ग. आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. पार्सल ऑफिसबाहेरची माणसे आरशांना, हेडलाइटला पेंढा लावून वरून गोणपाट सुतळीने शिवतात आणि पोहोचायच्या स्टेशनाचे नाव ठळक रंगवतात. सामान वेळेत सोडवले नाही तर तासांच्या हिशेबाने दंड चढतो. फ्रिज-कपाटासाठी मात्र रेल्वे नकोच! दोन्ही टोकांना टेम्पो आणि हमाली द्यावी लागली की बचत तिथेच संपते.

पॅकर्सवाला ई-वे बिलाच्या नावाखाली पैसे मागत असेल तर देऊ नयेत. वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागतच नाही. सामानाची यादी करून तिच्यावर त्याची सही मात्र जरूर घ्यावी.