वृद्धांसाठी बिनतारी श्रवणयंत्र

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार भरते. त्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव या दोन्ही काठांवरून उठणारा गलका दूरवर ऐकू जातो. आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. वय ७८. सारी गल्ली त्यांना आबा म्हणते. गेल्या गोटमारीच्या दिवशी ते मला म्हणाले, "मास्तर, हा गलका मला बरोबर ऐकू येतो, पण नात समोर बसून बोलते, ते मात्र समजत नाही. आता मला बहिरा म्हणायचे की नाही, ते तुम्हीच सांगा."

आबांनी हे थट्टेने म्हटले खरे. परंतु उतारवयातील बहिरेपणाचे इतके नेमके वर्णन मी क्वचितच ऐकले असेल. वयोमानाप्रमाणे आपल्या अंतःकर्णातील सूक्ष्म पेशी झिजतात, आणि प्रथम ऐकू येईनासे होतात ते उंच पट्टीचे, बारीक ध्वनी. बोलण्यातील स्वर बहुधा खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, त, ख यांसारखी व्यंजने मात्र निसटतात. मग घरात कोणी "ताट आण" म्हटले, तर आजोबा खाट आणावयास उठतात आणि घरचे हसतात. असे चार वेळा झाले की वृद्ध मनुष्य विचारावयाचे सोडतो, ओट्यावर बसावयाचे सोडतो, आणि हळूहळू बोलावयाचेही सोडतो. खरी हानी ही आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ माणसांवर तीन वर्षे चाललेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रवणयंत्र व मार्गदर्शन यांमुळे सर्वांच्याच स्मरणशक्तीत व आकलनात फरक पडला असे त्यात दिसले नाही. परंतु ज्यांना बुद्धिमांद्याचा धोका अधिक होता, त्यांच्यात ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी मंदावला.

आबांच्या घरी श्रवणयंत्र नव्हते असे नव्हे. मुलाने मोठ्या शहरातील एका दुकानातून बरेच पैसे मोजून बिनतारी यंत्रांची जोडी आणली होती. "फोनचा आवाज थेट कानात येतो," असे त्याला सांगण्यात आले होते. पण आबांच्या खिशात होता साधा बटणांचा फोन! त्या फोनशी यंत्र काही केल्या जुळेना. शिवाय आवाज कर्कश वाटे. महिन्याभरात जोडी कपाटात गेली, आणि "आबांना सवयच होत नाही" असा ठपका उलट आबांवरच आला.

येथे चूक झाली ती क्रमाची. आधी कान तपासावा, मग माणसाची गरज पाहावी, आणि बिनतारी सोयीचा विचार त्यानंतर करावा. आमच्याकडे नेमके उलटे घडते.

पहिली पायरी कानाच्या डॉक्टरांची. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. कान वाहत असेल, चक्कर येत असेल, किंवा एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले असेल, तर यंत्राच्या नादी न लागता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्यानंतर ऑडिऑलॉजिस्टकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. तिच्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीप्रमाणे, बऱ्या कानाची पातळी २० ते ३५ डेसिबल असेल तर दोष सौम्य, ३५ ते ५० असेल तर मध्यम, आणि ६५ च्या पुढे तीव्र समजतात. ही चाचणी नुसत्या शिट्ट्यांची न ठेवता शब्दांचीही करावयास सांगावे. पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांत कचेरीची भाषा हिंदी असली, तरी आमच्या कित्येक म्हाताऱ्या माणसांच्या घरची भाषा मराठी आहे. ज्या भाषेत नातवंडे हाक मारतात, त्याच भाषेतील शब्दांनी कान तपासला जावा, असा आग्रह धरण्यास संकोच करू नये.

आता 'बिनतारी' म्हणजे काय ते पाहू. हा प्रकार अगदी नवा नाही. श्रवणयंत्रातील टेलिकॉइल नावाची तारेची बारीक गुंडाळी चुंबकीय लहरींवाटे टेलिफोनचा वा सभागृहातील आवाज पकडते, आणि ती पुष्कळ वर्षांपासून वापरात आहे. ब्लूटूथची सोय अलीकडची. आयफोनशी थेट जुळणारी यंत्रे २०१४ च्या सुमारास आली. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर गूगलने तशी व्यवस्था केली. आणि २०२० मध्ये 'एलई ऑडिओ' ही नवी पद्धत जाहीर झाली. या पद्धती एकमेकींहून भिन्न आहेत. म्हणून एक यंत्र एका फोनशी बोलते, पण दुसऱ्याशी बोलत नाही. जुन्या साध्या ब्लूटूथवर चालणारीही काही श्रवणयंत्रे मिळतात. तात्पर्य, 'ब्लूटूथ आहे का?' एवढे विचारून भागत नाही. ज्या फोनवर आजोबा रोज बोलतात, तोच फोन बरोबर न्यावा आणि दुकानातच घरी फोन लावून पाहावा. काही यंत्रांत समोरच्याचा आवाज कानात येतो, पण आपले बोलणे फोनजवळ तोंड नेऊनच करावे लागते. हेही तेव्हाच कळते.

फोन वापरीतच नाहीत, अशा वृद्धांनाही बिनतारी सोयीचा उपयोग आहे. दूरदर्शन संचाला एक लहान डबी जोडली की घरच्यांसाठी आवाज न वाढवता बातम्या थेट कानात येतात. त्याहून मोलाचा आहे तो वेगळा छोटा मायक्रोफोन. बोलणाऱ्याच्या कॉलरला तो लावला की त्याचा आवाज गोंगाट ओलांडून ऐकणाऱ्याच्या कानात उतरतो. कीर्तन असो, चर्चमधील प्रवचन असो वा लग्नाची पंगत असो, अंतर आणि गलबला हे श्रवणयंत्राचे दोन मोठे शत्रू आहेत, आणि या दोहोंवर हाच उपाय अधिक चालतो.

तिसरी गोष्ट हातांची. बोटे थरथरत असतील, मोतीबिंदू असेल, तर चिमुकला सेल बदलणे कठीण जाते. अशांना चार्जिंगचे यंत्र सोयीचे. मात्र वीज वारंवार जात असेल, तर सेलवर चालणारे यंत्र बरे. सेलचा तेरा नंबर नारिंगी पट्टीचा असतो, आणि तो तीनशे बारा नंबरच्या तपकिरी पट्टीच्या सेलपेक्षा मोठा असल्याने हाताळण्यास सोपा जातो. बिनतारी सोय अधिक वापरली की सेलही लवकर संपतो, हा खर्च आधीच धरावा. आवाज कमीजास्त करण्यासाठी स्मार्टफोन झेपत नसेल, तर बटणांचा लहान रिमोट मागावा. पावसाळ्यात यंत्र रात्री ओल शोषणाऱ्या डबीत ठेवावे.

चौथी गोष्ट जुळवणीची. कानाच्या नळीत बारीक नळी ठेवून यंत्राचा आवाज प्रत्यक्ष किती पोहोचतो हे मोजता येते; तसे मोजून देतात का, ते विचारावे. काही दिवस वापरून पाहण्याची आणि नंतर पुन्हा जुळवून घेण्याची मुभा असावी. पांढुर्णा इटारसी-नागपूर लोहमार्गावर आहे आणि सौंसर छिंदवाडा-नागपूर मार्गावर. तेव्हा यंत्र अशा ठिकाणी घ्यावे, की जेथे वृद्धाला तीनचार वेळा नेणे आपल्याला झेपेल. दूरच्या शहरातील सवलतीपेक्षा जवळची फेरजुळवणी अधिक मोलाची आहे.

पैशाची अडचण असणाऱ्यांनी राष्ट्रीय वयोश्री योजनेची चौकशी करावी. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेत गरीब कुटुंबांतील ६० वर्षांवरील व्यक्तींना श्रवणयंत्रासह इतर साधने शिबिरांतून विनामूल्य दिली जातात. ते यंत्र बिनतारी नसले, तरी खंत नको. नीट जुळवलेले साधे यंत्र हे न जुळवलेल्या महागड्या यंत्राहून केव्हाही सरस.

आबांची तीच जोडी पुढे नागपूरला एका ऑडिऑलॉजिस्टने त्यांच्या ऑडिओग्रामप्रमाणे नव्याने जुळवून दिली. फोनचा नाद सोडून घरच्यांनी तेवढा छोटा मायक्रोफोन घेतला. पहिले काही दिवस आबांनी शांत घरात दोन-दोन तासच यंत्र लावले. मग हळूहळू वेळ वाढविला. आता संध्याकाळी नात तो मायक्रोफोन आपल्या फ्रॉकला लावते आणि ओट्यावर बसून शाळेतील सारी हकिकत सांगते. परवा आबांनी तिला मध्येच थांबवून तिचा एक पाढा दुरुस्त केला. तेव्हा मला समजले की गुरुजींना पुन्हा ऐकू येऊ लागले आहे.