प्रतिकारशक्ती वाढवायची की सांभाळायची?

“डॉक्टर, इम्युनिटी वाढवायला काहीतरी लिहून द्या,” अशी मागणी दवाखान्यात जवळजवळ रोज होते. यामागची समजूत अशी की प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके चांगले. प्रत्यक्षात निरोगी शरीर ती गरजेपुरती वाढवते आणि काम झाले की कमी करते. संधिवात, ल्युपस किंवा सोरायसिसचे औषध घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ही गोष्ट समजून घेणे फार गरजेचे आहे.

शरीरात संदेश कसे फिरतात?

बोटाला जखम होऊन जंतू आत शिरले असे समजा. तिथल्या पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, सुजते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे पोहोचतात. संसर्ग मोठा असेल तर हेच संदेश मेंदूपर्यंत जातात आणि ताप येतो. ते यकृतापर्यंत जातात आणि सीआरपी वाढते. तुमच्या रिपोर्टमध्ये दिसते तीच ही सीआरपी.

त्याच वेळी मेंदूच्या सांगण्यावरून मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे हॉर्मोन जास्त सोडतात. कॉर्टिसॉल दाह कमी करते. म्हणजे दाह सुरू करणारे संदेशच तो थांबवण्याची तयारीही करून ठेवतात.

ब्रेक लावणाऱ्या पेशी

काही पेशींचे मुख्य काम इतर पेशींना आवरणे हे असते. त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात. जपानचे शिमॉन साकागुची यांनी 1995 मध्ये त्यांची ओळख पटवली. 2001 मध्ये मेरी ब्रंकॉव्ह आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी3 या जनुकाचे महत्त्व दाखवले. या तिघांना 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हे जनुक बिघडलेल्या बाळांना लहान वयातच तीव्र जुलाब, त्वचेचे विकार आणि मधुमेह होऊ शकतो. त्यांची प्रतिकारशक्ती दुबळी नसते, तिला आवर घालणारे कोणी नसते.

ब्रेक सैल झाला तर?

मग शरीर स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते. आमवातात सांध्यांवर, टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर, हाशिमोटो आजारात थायरॉइडवर.

कोविडमध्येही अनेक गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांना विषाणूइतकीच स्वतःच्या दाहाने इजा झाली. 2020 मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र फायदा दिसला नाही. औषध तेच, पण कोणाला आणि कधी द्यायचे यावर सगळे अवलंबून होते.

तुम्ही काय लक्षात ठेवावे?

- स्टेरॉइड अचानक बंद करू नका. काही आठवडे गोळ्या घेतल्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल कमी बनवतात. गोळी एकदम थांबवली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब खूप कमी होणे असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचा असतो.
- नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. सांधेदुखीवर दोन दिवसांत जादू करणाऱ्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.
- ‘इम्युनिटी बूस्टर’ विचारून घ्या. 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तरीही ऑटोइम्यून आजार असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झाले असेल, तर असा काढा किंवा गोळी स्वतःहून सुरू करू नये.
- ताप अंगावर काढू नका. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना मोठ्या संसर्गातही ताप कमीच दिसू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा आणि चालू औषधांची यादी दाखवा.
- लसींबद्दल विचारा. फ्लूचे निष्क्रिय इंजेक्शन अशा बहुतेक रुग्णांना दिले जाते, जिवंत विषाणूची लस मात्र अनेकदा टाळावी लागते.

बाकी सर्वांसाठी पुरेशी झोप, रोजचे चालणे, डाळी-भाज्यांचे साधे जेवण, तंबाखूपासून दूर राहणे, साखर आटोक्यात ठेवणे आणि वेळेवर लसीकरण एवढे पुरेसे आहे. यातले काहीच बाटलीतून मिळत नाही.

आणि घरात कोणी स्टेरॉइड किंवा तत्सम औषधांवर असेल, तर गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच पुढच्या आणून ठेवा.