उसनी प्रतिपिंडे

पोलिओवर लस येण्याच्या चाळीसेक वर्षे आधी सीरमचा उपचार सुरू झाला होता. आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्ताची निवळ काढायची आणि नव्या रुग्णाला टोचायची. तिच्यात विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडे आयती मिळतात. दौंड-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात घोणस चावलेल्या मजुराला सरकारी दवाखान्यात जी ‘सापाची लस’ देतात, तीही खरे तर लस नव्हे. घोड्याच्या रक्तातली ती उसनी प्रतिपिंडेच.

१९०८ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टाइनर आणि एर्विन पॉपर यांनी पोलिओ माकडांत उतरवून दाखवला. दोन वर्षांत कळले, की बऱ्या झालेल्या माकडाचे सीरम विषाणूत मिसळून टोचले तर दुसऱ्या माकडाला लकवा होत नाही. पॅरिसमध्ये आर्नोल्ड नेत्तेर यांनी ते मुलांच्या पाठीच्या कण्यातून देऊन पाहिले. १९१६ मध्ये न्यूयॉर्क शहरात सुमारे ९ हजार जणांना पोलिओ झाला, तेव्हाही सीरम वापरले गेले. मुले बरी होत, डॉक्टर हुरळत. पण कित्येक मुले लकव्याविना आपणहूनच बरी होतात, हे हिशेबात कुणी धरले नव्हते. १९३१ च्या साथीत विल्यम पार्क यांनी सीरम दिलेली आणि न दिलेली मुले ताडून पाहिली. फरक निघाला नाही. मान आखडून आजार ओळखू येईपर्यंत विषाणू मज्जारज्जूच्या पेशींत शिरलेला असतो. बैल गेला नि झोपा केला, असा तो प्रकार.

मग प्रतिपिंडे आजाराआधीच दिली तर? विल्यम हॅमन यांनी १९५१-५२ मध्ये अमेरिकेत प्रोवो, ह्यूस्टन आणि सू सिटी येथे सुमारे ५५ हजार मुलांवर हे तपासले. प्रत्येक मुलाचे वजन करून त्या मापाने कुल्ल्यात इंजेक्शन दिले जाई. निम्म्या कुप्यांत रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळे केलेले गॅमा ग्लोब्युलिन, निम्म्यांत नुसते जिलेटिन. कोणत्या कुपीत काय, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसे. संरक्षण मिळाले, पण ते जेमतेम पाच आठवड्यांचे.

१९५२ मध्येच डोरोथी हॉर्स्टमन आणि डेव्हिड बोडियन यांना लकव्याआधी विषाणू रक्तातून फिरताना सापडला. म्हणजे रक्तातली थोडी प्रतिपिंडेही त्याला वाटेत अडवू शकतात; ती शरीराने स्वतः बनवली तर वर्षानुवर्षे टिकतील. १९५५ मध्ये नेमके तेच करणारी साल्क यांची लस आली आणि गॅमा ग्लोब्युलिन मागे पडले.

‘सीरम’ हा जुना शब्द मात्र दौंड-पुणे लोहमार्गालगत हडपसरला टिकून आहे. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये काढलेल्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवात घोड्यांच्या रक्तातल्या धनुर्वातविरोधी सीरमने झाली. २०१२ मध्ये तिने नेदरलँड्समधली बिल्टहोव्हन बायोलॉजिकल्स विकत घेतली. साल्क यांच्या पद्धतीची, टोचायची पोलिओ लस तिथे बनते.